द्राक्ष चर्चासत्रांच्या संयोजकांना खुले पत्र : हवेतल्या वायूचं अर्धंच विज्ञान सांगू नका

प्रति,
नाशिक जिल्ह्यात द्राक्ष चर्चासत्रं, पीक परिसंवाद आणि शिवारफेऱ्या भरवणारे सर्व संयोजक,
तसेच बागायतदारांच्या संघटना व शेतकरी उत्पादक कंपन्यांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी एका वाक्यासाठी लिहिते आहे. 'कार्बन डायऑक्साईड हे झाडाचं अन्न आहे, हवेत तो वाढला तर आपल्या बागांचं भलंच होणार.' आपल्या चर्चासत्रांच्या मांडवात हे वाक्य मी वेगवेगळ्या वक्त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. वक्ता ते ठासून सांगतो, समोरून टाळ्या पडतात आणि पुढचं सत्र सुरू होतं. ज्यांनी 2025 चा पावसाने बिघडवलेला हंगाम अंगावर काढला त्यांच्यासमोर हे बोललं जातं आणि व्यासपीठावरचं कुणी वक्त्याला थांबवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. या वायूशी माझा संबंध वर्गातही येतो आणि बागेतही, म्हणून हे लिहिणं मला माझं काम वाटतं.

त्या वाक्याचा पहिला भाग खरा आहे, हे आधी सांगते. वेलीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबून अलगद सोला आणि ती पट्टी काचपट्टीवर चिकटवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पर्णरंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. दोन वाकड्या पेशी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या आणि मधे बारीक फट. द्राक्षाच्या पानाच्या वरच्या बाजूला ही रंध्रं जवळपास नसतातच, जे काही आहे ते खाली. त्या फटीतून हवा आत जाते, तिच्यातला कार्बन डायऑक्साईड पान उचलतं आणि त्याच फटीतून पाण्याची वाफ बाहेर पडते. घडातली साखर, काडीतलं लाकूड, पानाचा हिरवेपणा यांतला सगळा कार्बन या फटीतून आलेला असतो. शेणखत किंवा ड्रिपमधून दिलेल्या खतातून तो येत नाही. हवेत हा वायू वाढला की द्राक्ष, कांदा, गहू, सोयाबीन, टोमॅटो यांचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. पुष्कळ पिकांत रंध्रं थोडी मिटून राहतात आणि पाणीही वाचतं. नेदरलँडमधले काचघरवाले हा वायू मुद्दाम आत सोडतात, तेही याच कारणासाठी.

पण काचघरात तापमान, पाणी, अन्नद्रव्यं सगळं मुठीत असतं. आपल्या बागेवर आकाश मोकळं आहे. हा फरक शास्त्रज्ञांनाही जाणवला, म्हणून उघड्या शेतात प्रयोग सुरू झाले. पिकाभोवती नळ्यांचं मोठं कडं उभारायचं, वाऱ्याची दिशा पाहून त्यातून कार्बन डायऑक्साईड सोडायचा आणि भविष्यातली हवा आजच पिकाला द्यायची, अशी ही पद्धत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही अशी सोय आहे. अशा प्रयोगांचे निष्कर्ष 2006 मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा बंदिस्त प्रयोगांत दिसलेल्या उत्पादनवाढीपैकी साधारण निम्मीच वाढ उघड्या शेतात हाती लागते, असं दिसलं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांना तर पाण्याचा ताण असल्याखेरीज फारसा फायदाच होत नाही, कारण त्यांच्या पानात हा वायू आधीच एकवटून वापरायची व्यवस्था असते. येवला-नांदगावच्या बाजरी आणि मकेवाल्याला 'अन्न वाढलं' हे सांगून काय मिळणार? गाजरगवताला मात्र वाढीव वायू चांगला मानवतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. बांधावर ते आताच काय कमी आहे!

द्राक्षाचा असा प्रयोग जर्मनीत गायझेनहाइम इथे 2014 पासून चालू आहे. तिथे रीसलिंग आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या वाणांना भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त कार्बन डायऑक्साईड देतात. घडांचं वजन आणि उत्पादन वाढलं, असे निष्कर्ष तिथून आले आहेत, आणि मी ते लपवणार नाही. पण ती ऱ्हाइन नदीच्या काठची वाइनची द्राक्षं आहेत, वर्षातून एकदाच छाटली जाणारी. आपण एप्रिलमध्ये नवी काडी तयार करायला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी करतो, डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस घेतो. त्या प्रयोगातला आकडा उचलून निफाडच्या बागेला लावता येत नाही.

गव्हाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. निफाडजवळ कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आपल्याला माहीत आहे ते थंडीच्या आकड्यामुळे. पारा घसरला की पेपरात आधी त्याचंच नाव येतं. गव्हावर जगात ठिकठिकाणी उघड्या शेतात झालेल्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण 2014 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. हवेतलं प्रमाण सुमारे 550 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे 550 रेणू, ठेवलं तेव्हा गव्हाच्या दाण्यातलं झिंक 9 टक्क्यांच्या आसपास, लोह 5 टक्के आणि प्रथिनं 6 टक्के कमी भरली. दाणा भरतो, पण त्यातला कस उतरतो. ज्या घरात दोन वेळची पोळी हाच मुख्य आहार आहे, त्या घरातल्या बाळंतिणीला आणि पोरांना हा फरक भोवतो. ज्या व्यासपीठावरून 'अन्न' म्हणायचं, त्याच व्यासपीठावरून हेही सांगायला हवं.

आता या वायूच्या दुसऱ्या कामाकडे येते. व्यासपीठावरून त्याचा उल्लेखच होत नाही.

जमीन तापली की ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात परत सोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साईड अडवतो, विशेषतः 15 मायक्रोमीटरच्या आसपासच्या लहरींना, आणि त्यातली काही ऊर्जा पुन्हा जमिनीकडे पाठवतो. हे आजचं राजकारण नाही. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी 1856 मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साईडची नळी जास्त तापलेली त्यांना दिसली. जॉन टिंडल यांनी 1859 पासून उष्णतेचं हे शोषण उपकरणांनी मोजलं. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हवेतला वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित कागद-पेन्सिलीने मांडलं. तेव्हा ना मोटारींची गर्दी होती रस्त्यावर, ना हवामानाची कुठली आंतरराष्ट्रीय परिषद.

मग मोजमाप आलं. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवा मोजायला सुरुवात केली, तेव्हा आकडा 313 पीपीएम होता. मे 2025 मध्ये तिथली महिन्याची सरासरी पहिल्यांदाच 430 च्या पुढे गेली. कारखानदारी सुरू होण्याआधी हे प्रमाण 280 च्या आसपास होतं, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत ते 300 च्या वर गेलं नव्हतं. कीलिंग यांच्या आलेखात मला सगळ्यात भावतो तो त्याचा दरवर्षीचा हेलकावा. मे महिन्यात आकडा सर्वांत वर असतो. मग उत्तर गोलार्धातली रानं आणि पिकं पालवतात, वायू ओढून घेतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत आकडा खाली येतो. पानं गळली, पाचोळा कुजला की पुन्हा वर. पृथ्वीवरची सगळी हिरवाई मिळून श्वास घेते आहे, हे कागदावर उमटलेलं दिसतं. पण दर वर्षीचा हेलकावा आधीच्या वर्षापेक्षा वरच्या पायरीवर सुरू होतो.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. गोव्यात काबो द रामा इथे 1993 पासून हवेचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2009 पासून सिंहगडावर नमुने घेतले. पावसाळ्यात समुद्राकडून वारा आला की वेगळी हवा, हिवाळ्यात जमिनीवरून आला की वेगळी, हा फरक या नोंदींत स्वच्छ दिसतो. सिंहगड आपल्यापासून काही परदेशात नाही.

'पण हा वायू निसर्गतःच निघतो, ज्वालामुखीतून निघतो, माणसाचा वाटा तो केवढा?' हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, बागायतदारही विचारतात. प्रश्न रास्त आहे. झाडं, माती आणि समुद्र यांची हवेशी होणारी देवाणघेवाण माणसाने सोडलेल्या वायूपेक्षा कितीतरी मोठी आहे, पण ती दोन्ही बाजूंनी होते. विहिरीचे झरे आणि रोजचा उपसा बरोबरीत असतील आणि वरून कुणी एक जादा नळ सोडून दिला, तर तो कितीही बारीक असो, पाणी चढतच जातं. माणसाने सोडलेल्या वायूपैकी जवळपास निम्मा जंगलं आणि समुद्र शोषून घेतात, उरलेला हवेत साठतो. समुद्रालाही हे फुकट पडलेलं नाही. औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

हा वायू आपणच सोडला याचा पुरावा त्या कार्बनमध्येच आहे. झाडं हलका कार्बन, म्हणजे कार्बन-12, जास्त पसंत करतात. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडं, त्यामुळे त्यातही हलकाच कार्बन जास्त. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात जळतो तसा आपल्याकडचा गोंडवनी कोळसा 25 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. इतका जुना की त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 केव्हाच संपून गेला. कोळसा, डिझेल, पेट्रोल जळत असेल तर हवेतल्या कार्बनमधलं कार्बन-13 आणि कार्बन-14 यांचं प्रमाण उतरायला हवं. मोजमापात नेमकं तसंच दिसतं. जळताना ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून हवेतला ऑक्सिजनही किंचित घटायला हवा. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी तो मोजला, आणि तो घटतो आहे. श्वास घ्यायला कमी पडेल इतकी ही घट नाही, पण हिशेब जुळायला पुरेशी आहे.

बागेत औषध फवारणारा ब्लोअर चालवणाऱ्या ट्रॅक्टरचंच घ्या. एक लिटर डिझेलचं वजन सुमारे 830 ग्रॅम. त्यात 700 ग्रॅमच्या वर कार्बन असतो. कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढतो, म्हणजे 12 भाग कार्बनचे 44 भाग वायू होतात. एका लिटरचा धूर म्हणून भरतो 2.6 किलोच्या आसपास. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग स्वतः गुणाकार करून बघतात. आपल्या सभेत हे गणित मांडायला पाच मिनिटं पुरतील.

एवढ्या वायूने काय झालं? जागतिक हवामान संघटनेच्या म्हणण्यानुसार 2024 चं जागतिक तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होतं. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशाने वाढलं. आकडा लहान वाटतो. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि हे बाष्प पडतं तेव्हा एकदम पडतं. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. त्या पावसाला बाष्प पुरवतो तो अरबी समुद्र. त्याच संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात, 1982 पासूनच्या नोंदी पाहता, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 2001 नंतर 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

ऑक्टोबर 2019 मधलं 'क्यार' आठवतं ना? वादळ समुद्रातच फिरलं, पण आपल्याकडे नुकत्याच छाटलेल्या बागांवर पाऊस कोसळत राहिला. पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकते फुटत असताना, पाणी साचलं, डावणी या बुरशीजन्य रोगाने पानं आणि कोवळे घड खाल्ले, फुलोऱ्यातले घड कुजले. 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट निफाड तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. आणि 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला. खरड छाटणीनंतर काडी पक्व होण्याचे, तिच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होण्याचे हेच दिवस. त्यांना ऊन हवं असतं. ते मिळालं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या बागेत काडीमागून काडी फुटली, ओळीच्या ओळी हिरव्या झाल्या, पण पाहावं तिथे घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा. पानांना कार्बन डायऑक्साईड भरपूर मिळत होता, 1958 पेक्षा शंभराहून जास्त पीपीएम. उजेडाशिवाय त्याचं पानाने करायचं काय?

एकेका पावसाचा आणि एकेका वादळाचा हिशेब शास्त्रज्ञ वेगळा मांडतात, आणि मीही प्रत्येक ढगाचं खापर या वायूवर फोडणार नाही. पण गरम समुद्र आणि बाष्पाने भरलेली हवा हा या सगळ्यामागचा पाया आहे, आणि तो पाया याच वायूने उचलला आहे. पानाला अन्न देणारा वायू आणि छाटणीचं वेळापत्रक मोडणारा वायू एकच आहे. शेतकऱ्याला त्यातलं एकच सांगायचं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो लाखो रुपये घालून प्लास्टिक आच्छादन करायचं की नाही, छाटणी पुढे ओढायची की मागे, बाग ठेवायची की काढायची, असे निर्णय तुमच्या मांडवात ऐकलेल्या गोष्टींवरून घेतो.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. मी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. भारतातल्या माणसामागे या वायूचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यातही द्राक्षवाल्याचा ब्लोअर तो किती! आतापर्यंत साठलेला बहुतेक वायू श्रीमंत देशांनी आणि मोठ्या उद्योगांनी सोडलेला आहे. म्हणूनच आपल्या लोकांना सगळं माहीत असायला हवं. ज्याला नुकसान काय आणि कशाने झालं हेच कळलेलं नाही, तो विम्याच्या निकषांवर, भरपाईवर, धोरणावर कशाच्या जोरावर भांडणार?

तर माझं आपल्याकडे मागणं असं आहे. येत्या खरड छाटणीच्या चर्चासत्रांत एक पूर्ण तास या विषयाला द्या. त्या तासाला औषध किंवा खत कंपनीचं प्रायोजकत्व नको. हे कुणाच्या हेतूवर शंका घेऊन म्हणत नाही, पण ज्याला काही विकायचं आहे त्याने हा विषय मांडू नये, एवढं माझं ठाम मत आहे. पुण्याच्या हवामानविज्ञान संस्थेतला एक शास्त्रज्ञ आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातला वनस्पतिशरीरशास्त्राचा एक तज्ज्ञ, दोघांना एकाच व्यासपीठावर बसवा आणि बागायतदारांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या. 'झाडाचं अन्न' हे वाक्य त्या दोघांसमोर कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळेल.

त्याहून मोठी मागणी ही की आपण सगळ्या संघटनांनी मिळून नाशिक जिल्ह्यात थॉमसनच्या उभ्या बागेत खुल्या हवेतला प्रयोग मागावा. वाढीव कार्बन डायऑक्साईड, वाढीव तापमान, आणि दोन्ही एकत्र, अशा तीन ओळी आणि चौथी नेहमीची. दोन्ही छाटण्यांसह किमान काही वर्षं. घडांची संख्या, गोडी, डावणी-भुरीचं प्रमाण, पाण्याचा वापर, सगळं मोजलेलं. गायझेनहाइमला ते रीसलिंगसाठी करू शकतात, तर देशात द्राक्षासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात का होऊ नये? असा प्रयोग खर्चिक असतो, वायूच टनावारी लागतो, हे मला ठाऊक आहे. एका संघटनेला तो झेपणार नाही. पण मागणी तरी आपल्याकडून गेली पाहिजे, लेखी आणि एकमुखाने.

तोवर आपल्या हातात आहे ते नोंदींचं काम. पुष्कळ बागांत आता हवामान केंद्रं बसली आहेत. छाटणीची तारीख, पोंगा कधी, दर वेलीला घड किती, पाऊस किती आणि कोणत्या अवस्थेत, एवढं जरी शंभर-दोनशे बागांतून सलग काही वर्षं एका नमुन्यात लिहिलं गेलं तरी शास्त्रज्ञांना ते सोन्यासारखं आहे. नमुना तयार करून द्यायला मी आणि माझे सहकारी शिक्षक तयार आहोत. आणि छाटणीनंतरच्या काड्या बांधावर पेटवण्याऐवजी त्यांचा भुगा करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, टाकण्याचं प्रात्यक्षिक त्याच सत्रांत ठेवा. त्याने जगाचं तापमान उतरणार नाही. जमिनीचा सेंद्रिय कर्ब मात्र सुधारेल, आणि तो आपल्या माळरानाच्या बागांना हवाच आहे.

चर्चासत्रांच्या तारखा साधारण मार्चमध्ये ठरतात. त्याआधी आपल्यापैकी कुणीही हा एक तास राखून ठेवायला तयार असेल तर तसं जाहीर करावं. शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार, त्यांना पुण्याहून आणणं, त्यांची राहायची सोय, ही जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली,
दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष उत्पादक आणि रसायनशास्त्राची शिक्षिका